अर्जदार कोण?

माझी एक मावशी मागच्या हिवाळ्यात व्हिएतनामला जाऊन आली. त्या प्रवासाचे वर्णन मी इथे करणार नाही, ते तिचे तिने करावे. मला लिहायचे आहे ते प्रवासाच्या आधीच्या एका अर्जाबद्दल. तो अर्ज दहा मिनिटांत भरून झाला होता. नंतर आम्ही दोघींनी दोन संध्याकाळी बसून तो पुन्हा भरला. त्या दोन संध्याकाळी वाया गेल्या असे घरात बऱ्याच जणांना वाटले. मला तसे वाटत नाही. का, ते सांगते.

ही मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडले, ते कायमचेच. घटस्फोट झाला नाही, पोटगी तिने मागितली नाही. एएनएमचे प्रशिक्षण घेऊन ती आरोग्य उपकेंद्रात नर्सबाई झाली आणि ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झाली. लसीचा डबा खांद्याला लावून वाड्यावस्त्या पायी तुडवल्या, रात्री-अपरात्री बाळंतपणे केली. आपल्या भाषेत ती परित्यक्ता. तिच्या गावच्या भाषेत 'नर्सबाई'. तिला दुसरा शब्द जास्त आवडतो.

निवृत्त झालेल्या नऊ जणींनी मिळून भिशी लावली होती. सोने घ्यायचे नाही, भांडी घ्यायची नाहीत, परदेश बघायचा असे ठरले. कुणाची तरी सून व्हिएतनामला जाऊन आली होती, खर्च आवाक्यातला होता, म्हणून व्हिएतनाम. पासपोर्ट झाले, तिकिटांचे बोलणे झाले आणि व्हिसाचे काम आले. मावशीचा भाचा म्हणाला, "आत्या, त्यात काय एवढं! घरबसल्या होतं. दहा मिनिटांचं काम." आणि खरेच त्याने दहा मिनिटांत ते केले. फक्त शेवटी पैसे भरताना कार्ड चालेना, म्हणून अर्ज तिथेच अडला. भरलेल्या पानांचे फोटो त्याने मावशीला फोनवर पाठवले आणि तिने ते माझ्याकडे आणले.

मावशीचे इंग्रजी औषधांच्या नावांपुरते आणि महिन्याच्या अहवालापुरते. पण दोन शब्द तिने बरोबर वाचले होते. व्यवसायाच्या रकान्यात 'हाऊसवाइफ' होते. आणि प्रवासाचा खर्च कोण करणार, या प्रश्नापुढे भाच्याचे नाव होते.

"अगं, चौतीस वर्षं मी काय घरी बसून होते का?" एवढेच ती म्हणाली.

मी भाच्याला फोन केला. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. तो म्हणाला, "ताई, बाईमाणसाच्या अर्जात कुणीतरी पुरुष असला की बरं पडतं. उगाच प्रश्न विचारत नाहीत." अर्जात ई-मेल त्याचा होता, फोन नंबर त्याचा होता, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचे तिथेही तोच होता. नाव, जन्मतारीख आणि फोटो तेवढे मावशीचे. मला प्रश्न पडला, हा अर्ज नेमका कुणाचा?

आता हा ई-व्हिसा काय असतो ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींना ते काम फार अवघड वाटते. पूर्वी व्हिसासाठी त्या देशाच्या वकिलातीत कागद न्यावे लागत, म्हणजे आपल्याकडून मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागे, नाहीतर दलालाच्या हाती पासपोर्ट द्यावा लागे. आता बऱ्याच देशांनी पर्यटकांसाठी घरून अर्ज करण्याची सोय केली आहे. व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा द्यायला सुरुवात केली. एकदाच प्रवेश असेल तर शुल्क २५ डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा असेल तर ५०. व्हिसा नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. पासपोर्टाच्या फोटोच्या पानाची स्वच्छ प्रत आणि चश्मा न लावता काढलेला आपला फोटो लागतो. कुठल्या विमानतळावर उतरणार, कुठे राहणार, किती दिवस राहणार, हे लिहायचे. अर्ज केला की एक नोंदणी क्रमांक मिळतो. काही दिवसांनी तो क्रमांक, अर्जातला ई-मेल आणि जन्मतारीख भरली की निकाल दिसतो. मंजूर झालेला कागद छापून घ्यायचा आणि बरोबर न्यायचा. एवढेच.

या सोयीचे मी मनापासून स्वागत करते. वकिलातीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, कुणाची रजा काढून सोबत न्यायची नाही, खिडकीपलीकडच्या माणसाने "मिस्टर कुठे आहेत?" असे विचारायचे नाही. एकट्या बाईसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण सोय झाली ती अर्जदाराची. आपल्या घरात अर्जदार म्हणून संगणकापुढे बसतो तो मुलगा, भाचा, जावई नाहीतर दुकानातला एजंट. म्हणजे वकिलातीची खिडकी गेली आणि तिच्या जागी घरातला माणूस बसला.

आम्ही नव्याने सुरुवात केली. पहिली संध्याकाळ मावशीचा ई-मेल उघडण्यात गेली. परवलीचा शब्द तिने लसीकरणाच्या जुन्या वहीत लिहून ठेवला. मग खरे संकेतस्थळ शोधणे. नाव टाकून शोधले की वर वर येतात ती बहुतेक मध्यस्थांची पाने. दिसायला सरकारीच वाटतात, पण २५ डॉलरच्या जागी दुप्पट-तिप्पट पैसे घेतात आणि पासपोर्टाची प्रत त्यांच्याकडे राहते ती वेगळीच. व्हिएतनाम सरकारच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असते. हे मी मावशीला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लेबल बघायचं." बरोबर तेच.

दुसऱ्या संध्याकाळी अर्ज. नाव पासपोर्टावर आहे अगदी तसेच लिहायचे असते, एक अक्षर इकडचे तिकडे चालत नाही. मावशीचा पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा आहे. हेही आपोआप झालेले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टाचे नियम बदलले. विवाहाचा दाखला मागणे बंद झाले. आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे झाले. विभक्त किंवा घटस्फोटित असलेल्यांना जोडीदाराचे नाव देणे बंधनकारक राहिले नाही. एकट्या आयांनी, परित्यक्तांनी वर्षानुवर्षे खेटे घातले, भांडल्या, म्हणून हे झाले. मावशी मात्र नियमाच्या भरवशावर न राहता जुने सगळे कागद पिशवीत घेऊनच गेली होती. सवय!

व्यवसायात आम्ही 'निवृत्त' लिहिले. खर्च कोण करणार, तिथे 'स्वतः'. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचे, तिथे ती थोडी थांबली आणि मग तिने तिच्या मैत्रिणीचे नाव सांगितले. तीस वर्षांची सोबतीण, गुडघ्यांमुळे सहलीला येऊ न शकलेली. नाते? "मैत्रीण लिही की. खरं तेच." पैसे भरताना कार्ड पुन्हा अडले. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार परदेशी व्यवहार आपण स्वतः सुरू केल्याशिवाय नवे कार्ड बाहेरच्या देशात चालत नाही. भाच्याचे काम तिथेच अडले होते. बँकेच्या ॲपमध्ये मावशीने स्वतःच्या बोटाने ती सोय सुरू केली, ओटीपी तिच्या फोनवर आला, पैसे गेले. काही दिवसांनी तिनेच नोंदणी क्रमांक टाकून निकाल पाहिला आणि मला फोन केला. "आला बाई कागद. माझ्याच नावाचा आहे."

मैत्रिणींनो, इथे कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचे एवढे काय? व्हिसा तर दोन्ही अर्जांवर मिळाला असता. खर्च कोण करणार हा प्रश्न पुरुषांनाही विचारतात. तो प्रश्न काही बायकांना हिणवायला ठेवलेला नाही. हे सगळे मला मान्य आहे. प्रश्नात दोष नाही. त्याचे उत्तर आपल्या वतीने, आपल्याला न विचारता दुसऱ्याने लिहावे, यात दोष आहे.

आणखी एक आक्षेप आतून येतो. 'गृहिणी' लिहिण्यात कमीपणा का मानायचा? मुळीच मानू नये. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसले की घरच्यांसाठी बिनमोलाचे घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात घालतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात नुकसानभरपाईच्या निकालात, २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर बिनउत्पादक गटात बसवल्याबद्दल कान उपटले होते. तेव्हा जी घर चालवते तिने 'गृहिणी' अभिमानाने लिहावे. ज्या बाईने ३४ वर्षे पगार आणला तिच्या नावापुढे ते कुणी परस्पर लिहू नये. इतकेच म्हणणे आहे. आणि खोटी नोकरी लिहायचा सल्लाही मी देणार नाही. सरकारी अर्जातले खोटे शेवटी अर्जदाराच्याच अंगाशी येते.

अर्जातल्या प्रश्नांत कधीच दोष नसतो असेही नाही. आपल्याच देशाचा ई-व्हिसा मागणाऱ्या परदेशी बाईने 'गृहिणी' निवडले, तर तिला पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा व्यवसाय भरावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टावर एकच नाव असणाऱ्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश देणे बंद केले. नंतर खुलासा आला की पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल. एकट्या आईच्या लेकीने, नुसते एक नाव लावणाऱ्या बाईने काय करायचे? आणि परदेशाकडे कशाला बोट दाखवायचे? आपल्या राज्यात २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बहिणीच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधारही मागितले गेले. वडील वारलेले, नवऱ्याने टाकलेले, अशा बायकांनी ओटीपी आणायचा कुठून? ओरड झाल्यावर मुदत वाढली, विधवा आणि घटस्फोटितांसाठी दाखल्यांची वाट काढली गेली. पण माझ्या मावशीसारखी, जिच्याजवळ मृत्यूचा दाखला नाही आणि घटस्फोटाचा हुकूमनामाही नाही, ती अशा प्रत्येक अर्जात दोन रकान्यांच्या मधल्या फटीत पडते.

हे झाले मानापमानाचे आणि अडवणुकीचे. आता दुसरा अनुभव सांगते, म्हणजे मी या अर्जाला एवढे महत्त्व का देते ते कळेल.

आमच्या समुपदेशन केंद्रात दोन वर्षांपूर्वी एक म्हातारी आई आली. तिची मुलगी आखातातल्या एका देशात घरकामाला गेली होती आणि महिनाभर तिचा फोन लागत नव्हता. मुलगी विधवा, दोन लेकरे आजीजवळ. एजंटाने सगळे 'फुकटात' केले होते. आम्ही कागद मागितले. आईजवळ एका कागदाचा फोटो होता, तो होता पर्यटक व्हिसा. कामाचा नव्हेच. अर्ज एजंटाच्या दुकानात भरलेला, ई-मेल एजंटाचा, फोन एजंटाचा. मुलगी सातवी शिकलेली. आपण 'फिरायला' जात आहोत असे आपल्या नावाने लिहून दिले गेले आहे, हे तिला ठाऊकच नव्हते.

यामागचे गणित समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर सहसा तसा शिक्का असतो. त्यांना आखातातल्या देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचे तर सरकारची मंजुरी लागते. घरकामाला जाणाऱ्या अशा बाईचे वय किमान ३० हवे आणि भरती सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच व्हायला हवी. करार, पगार, मालकाची माहिती, सगळे नोंदले जाते. हे अडथळे बाईच्या रक्षणासाठी आहेत. वयाची अट योग्य की अयोग्य, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते असावेत. पण पर्यटनाला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणून एजंट पर्यटक व्हिसा काढतो. काही दिवसांत मिळतो, करार नाही, नोंद नाही. तिथे उतरल्यावर पासपोर्ट मालकाकडे जातो. मुदत संपली की बाई त्या देशात बेकायदा ठरते आणि तक्रार करायला गेली तर गुन्हेगार तीच. कारण कागदावर तिनेच सांगितलेले असते, मी पर्यटक आहे.

ती मुलगी परत आली. तक्रारी, भारतीय वकिलातीचे पत्रव्यवहार, कित्येक महिने. पगार बुडाला तो बुडालाच. आमच्या केंद्रात बसून ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. फोटो काढला आन् म्हनले, झालं." हे वाक्य मी विसरू शकत नाही.

माझी मावशी आणि ही मुलगी यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकीला पेन्शन आहे, दुसरीला हातावरचे पोटही नाही. भाचा प्रेमाने करत होता, एजंट फसवत होता. दोघांना एका मापाने मोजायचा माझा हेतू नाही. पण अर्जाच्या पुढे बाई कुठे बसली होती, हे पाहिले तर दोन्ही ठिकाणी उत्तर एकच येते. ती तिथे नव्हतीच. फोटोपुरती होती. घरातला प्रेमळ माणूस आपल्याला न विचारता अर्ज भरतो, ही सवय एकदा अंगवळणी पडली की एजंटाने तसेच केल्यावर संशय यायचा कुठून?

आणि आपण कार्यकर्त्या तरी काय करतो? मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केले. 'लोकांचा निर्णय लोकांनी घ्यावा' हे आम्हाला पहिल्या सत्रात शिकवले होते. पण केंद्रात रांग लागली की मीही बाईचा फोन हातात घेते, ओटीपी विचारते, भराभर बटणे दाबते आणि म्हणते, "झालं ताई, जा." तिच्या नावाने मी काय लिहिले, ते तिला वाचून दाखवत नाही. वेळ नसतो हे खरे आहे. पण भाच्यालाही वेळ नव्हता. मावशीचा अर्ज भरताना मला स्वतःची लाज वाटली, म्हणून हे लिहायला घेतले.

इंग्रजी येत नाही, संगणक येत नाही, म्हणून कुणाची मदत घ्यायचीच नाही असे मी म्हणत नाही. मदत जरूर घ्यावी. पण तिच्या काही अटी असाव्यात. अर्ज भरताना बाई शेजारी बसलेली हवी. प्रत्येक रकाना तिला मराठीत वाचून दाखवायचा आणि तिचे उत्तर लिहायचे. ई-मेल आणि फोन नंबर तिचा स्वतःचा असावा, नसेल तर आधी तो उघडायचा. येण्याचे कारण काय लिहिले आहे, ते तिने दोनदा विचारावे. कामाला जायचे असेल आणि कागदावर पर्यटन असेल तर तिथेच उठावे, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. पैसे भरण्याआधी सगळी पाने पुन्हा वाचावीत, कारण नंतर चूक निघाली तर बहुधा नवा अर्ज आणि नवे शुल्क. नोंदणी क्रमांक आणि पासपोर्टाची प्रत घरी विश्वासाच्या बाईजवळ ठेवावी. परदेशात अडचण आलीच तर परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे तक्रारीचे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, तिथे घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. यातले काहीही अवघड नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो वेळ बाईसाठी काढण्याजोगा आहे असे आधी आपल्याला वाटले पाहिजे.

भाचा काही दिवस रुसला होता. "मी चांगलंच करत होतो ना?" असे त्याने मला विचारले. मी म्हटले, "करत होतास, पण आत्याचं काम करत होतास, आत्याला विचारून नाही." त्याला ते पुरते पटले असे नाही. परवा मात्र त्याने आईच्या बँकेच्या कामासाठी तिलाच फोनपुढे बसवले आणि स्वतः शेजारी बसला, असे मावशीने सांगितले. एवढे झाले तरी पुष्कळ.

आपल्या गटांच्या बैठकांत आपण कायदा शिकतो, आरोग्य शिकतो. पुढच्या एखाद्या बैठकीला सगळ्याजणी आपापला फोन घेऊन या. प्रत्येकीने पाहायचे, माझा ई-मेल आहे का, त्याचा परवलीचा शब्द मला ठाऊक आहे का की मुलाला? गेल्या वर्षभरात माझ्या नावाने कुठकुठले अर्ज गेले आणि त्यांत काय लिहिले होते? जे सापडेल ते कळवा. मला वाटते, आपल्याच नावाचे कागद पहिल्यांदा वाचताना आपल्यापैकी पुष्कळ जणी मावशीसारख्याच म्हणतील, "हे मी कधी सांगितलं?"